इंजिनाची उजवी बाजू

पैज जिंकली तर दाजींना मागची खोली मिळणार होती, कायमची, कडी-कुलपासकट. शिवाय जेवायला बसलं की ताटासोबत वाढला जाणारा "त्या आगगाडीचं काय करायचं ठरवलंय?" हा प्रश्न बंद होणार होता. हरले तर खोली भडंगाला जाणार आणि आगगाडी माळ्यावर. माझी थोरली बहीण पद्माक्का, तिचा हिशेब याच्या बरोबर उलटा. मी तेव्हा एका पतसंस्थेत हिशेबतपासणीला होते. दोघांनीही नुसतं आपापलं येणंच मांडलेलं दिसलं की आम्हा लोकांना कापरं भरतं, कारण देणं कुणाच्या तरी नावावर पडलेलं असतंच, फक्त त्याला अजून कळलेलं नसतं.

पैज लागली तेव्हा मी अक्काच्या घरी, कोल्हापुरात, चुरमुऱ्यांच्या पोत्यावर बसून पोहे खात होते. खुर्च्या होत्या, पण त्यांवरही पोतीच होती. अक्काच्या भडंगाला तोवर बाहेरगावाहून मागणी यायला लागली होती. पुढच्या खोलीत पोती, जिन्याखाली शेंगदाणे, देवघराच्या खाली लसणाच्या जाळ्या. देवाला कसलाच वास येत नसावा, नाहीतर तोही भाड्याची खोली बघायला गेला असता.

"मागची खोली एवढी ऐसपैस," अक्का म्हणाली, "आणि तिच्यात काय? डोंगर! घरात डोंगर ठेवतं का कुणी?"

"अमेरिकेतला डोंगर आहे तो," दाजी म्हणाले.

"मग तिकडंच ठेवायचा की."

दाजी म्हणजे श्रीपाल मगदूम. जन्मभर एका कारखान्यात गिअर कापले आणि निवृत्त झाल्यावर सुटले म्हणायचं, तर घरी येऊन आणखी बारीक गिअर कापायला बसले. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी 'शे' नावाच्या इंजिनाचं चित्र पाहिलं होतं. जंगलातून लाकडाचे ओंडके ओढायचं वाफेचं इंजिन. साधं इंजिन जिथं घसरतं अशा वाकड्यातिकड्या चढावर हे चढतं, कारण याच्या एकूण एक चाकाला गिअरनं जोर मिळतो. आवाज घोडा उधळल्याचा आणि चाल गोगलगाईची. हे सांगताना दाजींचे डोळे असे भरून यायचे, की अनोळखी माणसाला वाटावं घरात कुणी आजारी आहे.

त्या इंजिनाचं हातभर लांबीचं चालतं मॉडेल करण्यात दाजींची चार वर्षं गेली होती. पितळेचे गिअर, दात तांदळाच्या कणीएवढे. टेबलावर प्लायवूडचा आणि प्लॅस्टरचा डोंगर, त्यावर वळणं घेत चढणारा रूळ, वर लाकडाची वखार. डब्यांवर ओंडके म्हणून अक्काच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी.

"बरं, असं करू," अक्कानं कढईखालचा गॅस बारीक केला. ती गॅस बारीक करून बोलते तेव्हा सावध राहावं. "येत्या रविवारी माझी भिशी आहे. बायकांना दाखवा तुमचं इंजिन. एकीनं जरी आपणहून म्हटलं, 'परत एकदा लावा', तर खोली तुमची, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. कुणीच नाही म्हटलं, तर सोमवारी पोती आत."

"एकीनं जरी?" दाजी हसले. "सगळ्या म्हणतील. पंच कोण?"

"सुली." म्हणजे मी. "ती कुणाचीच नाही."

हे कौतुक होतं का टोमणा, ते मी आजवर ठरवलेलं नाही.

शनिवारी दुपारी दाजींनी मला रंगीत तालमीला बोलावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल, दारापाशी माझ्यासाठी स्टूल. दाजी मात्र टेबलाखालून रांगत पलीकडे गेले आणि टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उगवले. "मी कायम इथंच असतो," ते म्हणाले. "हत्यारं इथं आहेत, दिवा इथं आहे. चल, बघ आता!"

त्यांनी हातातल्या डबीवरची मूठ फिरवली. खडखड, फडफड, धडधड असा आवाज सुरू झाला. घरात लग्नाची वरात शिरावी तसा. आणि डोंगराच्या पायथ्यापासून एक काळी पेटी हळूहळू सरकायला लागली.

मी वाट बघितली. पेटी सरकत राहिली.

"बघितलंस?" पलीकडून दाजींचा आवाज आनंदानं चिरकला होता. "तिन्ही दट्टे बघ! दांडा कसा फिरतोय बघ! गिअर बघितलेस का गिअर?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? समोर!"

"दाजी, समोर एक काळी पेटी आहे. खाली चाकं आहेत. बाकी माझ्या समोर तुम्ही आहात."

आवाज थांबला. दाजी टेबलाखालून रांगत माझ्या बाजूला आले. गुडघे झटकले, स्टुलावर बसले, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपलं इंजिन बघणाऱ्याच्या जागेवरून बघितलं.

त्या जातीच्या इंजिनाची गंमत अशी, की त्याचं सगळं यंत्र एकाच बाजूला असतं. उजव्या. दट्टे उजवीकडे, फिरता दांडा उजवीकडे, गिअर उजवीकडे. त्या वजनाला तोल म्हणून बॉयलर थोडा डावीकडे सरकवलेला. डावी बाजू म्हणजे निव्वळ भिंत. दाजींचा रूळ असा चढत होता, की इंजिनाची उजवी बाजू सबंध वेळ खोलीच्या भिंतीला, म्हणजे दाजींच्या पोटाला, आणि डावी बाजू जगाला.

"मग इंजिन उलटं ठेवा," मी म्हटलं. "तोंड खाली करून. मागं मागं चढू दे."

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी मंदिरात चपला घालून आले होते. "चढाला इंजिनाचं तोंड वरच पाहिजे. नाहीतर बॉयलरमधलं पाणी पुढं पळतं, मागं भट्टीचं छत उघडं पडतं, तापतं आणि बॉयलर फुटतो."

"पण दाजी, हे विजेवर चालतं. यात पाणीच नाही."

"म्हणून काय झालं? नियम आहे तो."

"बरं, भिंतीला आरसा लावू. आरशात दिसेल की."

"आरशात उजवं डावं दिसतं. म्हणजे डाव्या बाजूला यंत्र असलेलं शे. तसलं इंजिन जगात कुणी बनवलंच नाही!"

"मग टेबल फिरवा."

टेबल दारापेक्षा मोठं होतं आणि खोलीतच जन्मलेलं. डोंगर बाजूच्या भिंतीला चिकटवून ओतलेला. तो हलवायचा तर फोडायचा. बायकांना पलीकडं उभं करावं म्हटलं, तर त्या फटीत भिशीतली एकही बाई मावली नसती, आणि मावलीच असती तर पुढच्या भिशीपर्यंत बाहेर आली नसती.

दाजींनी फटीमागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "सुलू, या भिंतीपलीकडं काय आहे?"

भिंतीपलीकडं इंगवले होते.

घर जुळं होतं, मधली भिंत सामाईक. पलीकडच्या अर्ध्यात वसंतराव इंगवले एकटेच राहायचे. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळूरला. त्यांचं आणि दाजींचं बोलणं बंद होतं. कारण शेवग्याचं झाड. झाड इंगवल्यांच्या अंगणात आणि शेंगा लोंबायच्या दाजींच्या अंगणात. या मुद्द्यावर दोघांनीही मागं हटायचं नाकारल्यानं शेंगा झाडावरच वाळून खुळखुळ्यासारख्या वाजत असत.

मी आणि दाजी त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. बोलणं बंद असल्यामुळं सगळा व्यवहार माझ्यामार्फत झाला. दोघं हातभर अंतरावर समोरासमोर उभे, आणि मी मध्ये टेलिफोनच्या तारेसारखी.

"सुलूताई, मगदुमांना विचार, भिंत फोडल्यावर छप्पर कुणाच्या डोक्यावर ठेवायचं?"

"त्यांना सांग, फोडायची नाही. एक खिडकी पाडायची. परातीएवढी. नंतर वाटलं तर बुजवून देईन."

"त्यांना म्हणावं, चार वर्षं रोज दुपारी भिंतीतनं खडखडाट ऐकतोय मी. मला वाटलं पिठाची गिरण घातली. एक दिवस 'या बघायला' म्हणाले नाहीत. आणि आता खिडकी?"

दाजी खाली बघायला लागले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "त्यांना सांग, शेंगा सगळ्या त्यांच्या. आमच्या अंगणातल्यासुद्धा."

"शेंगा घेऊन काय करू? मला आमटी कोण करून घालणार? खाणावळीत जेवतो मी. या स्वयंपाकघरात चहाशिवाय काही उकळलेलं नाही." इंगवल्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यांना विचार, ते इंजिन चालवायचं काय असतं? मूठ का काय?"

"डबी आहे एक. तिच्यावर मूठ."

"ती उद्या माझ्या हातात."

"सुलू, त्यांना सांग, चार वर्षांत मी ती तुझ्या अक्काच्या हातातसुद्धा दिलेली नाही!"

"त्यांना सांग, उभ्या जन्मात गगनबावड्याचा घाट चढवलाय मी. पहिल्या गिअरला गाडी कशी उचलायची, मला शिकवू नका. आणि भिंत त्यांची एकट्याची नाही."

खोली एका पारड्यात, मूठ दुसऱ्यात. दाजींनी मान हलवली. ती होकाराची आहे हे मीच ठरवलं आणि तसं पलीकडं कळवलं.

रविवारी सकाळी दोघांनी दोन्ही बाजूंनी भिंतीवर छिन्नी धरली. पहिला तास एकमेकांशी न बोलता. मग मधली वीट निघाली, दोघांची तोंडं समोरासमोर आली, आणि इंगवले म्हणाले, "धूळ नाका-तोंडात चाललीय, फडकं बांध की, मगदूम." बोलणं असं सुरू झालं. माझी मधल्या तारेची नोकरी गेली.

दुपारी अक्काला कळलं, की खिडकी इंगवल्यांच्या स्वयंपाकघरात उघडते आणि तिची भिशी तिथंच भरणार आहे. ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "हे पैजेत नव्हतं, सुले."

"कुठून बघायचं, हेही पैजेत नव्हतं," मी म्हटलं. "पंचाचा निर्णय."

"मला काय," ती पुटपुटली, "मी चार वर्षं दारातनं बघतेय, टेबलावरनं एक काळी पेटी सरकते. खिडकीतनं बघितली काय आणि दारातनं बघितली काय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्कानं पैज लावली नव्हती, वसुलीला निघाली होती. बायका एकदा पेटी बघून दुसऱ्यांदा मागणार नाहीत, हे तिला चार वर्षं दिसत होतं. फक्त नवऱ्याला सांगायचं तिनं टाळलं होतं.

बायका आल्या. इंगवल्यांच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसल्या, अक्का खिडकीशी पहिल्या रांगेत. प्रत्येकीच्या हातात भडंगाची वाटी. दाजी आपल्या खोलीत टेबलाच्या पलीकडं, इंजिन चालताना आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डाव्या बाजूला. खिडकीच्या कडेला खुर्चीवर इंगवले. धुतलेला खाकी शर्ट घातलेला, मांडीवर डबी, आणि खिडकीतून आत गेलेली वायर.

"बसून घ्या, बसून घ्या," इंगवले ओरडले. "दारात कुणी थांबू नका. हात बाहेर काढू नका!"

आणि त्यांनी मूठ फिरवली.

मी इंजिनाकडं बघत नव्हते, मी अक्काकडं बघत होते, पंचाचं कामच ते. तिनं भडंगाचा घास तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. समोर, हातभर अंतरावर, तीन पितळी दट्टे वरखाली नाचत होते. त्यांच्या पायाशी लांब दांडा गरागरा फिरत होता, त्याच्यावरचे कणीएवढे दात चाकांच्या दातांत शिरत होते, निघत होते. जाताना एक डबा आडवा झाला असता, तो सावरला. एवढी सगळी पळापळ, आणि इंजिन मुंगीच्या चालीनं वर निघालेलं.

"अगंबाई," शेटेवहिनी म्हणाल्या, "हे तर आमच्या सासूबाईंसारखं आहे. हालचाल दिवसभर, काम एवढंसं."

बायका खो खो हसल्या. दाजींचे कान तांबडे झाले. हसणं पैजेत मोजायचं नव्हतं.

इंजिन शेवटच्या, सगळ्यात उभ्या चढाला लागलं आणि थांबलं. म्हणजे यंत्र थांबलं नाही. दट्टे नाचतायत, दांडा फिरतोय, चाकं गरगर फिरतायत आणि इंजिन जागच्या जागी.

"पहिल्यात टाका!" दाजी ओरडले.

"पहिल्यातच आहे!" इंगवले ओरडले. "रस्ता निसरडा आहे तुझा!"

रस्ता खरंच निसरडा होता. शेटेवहिनींनी मघाशी "खरे रूळ आहेत का हो?" म्हणून खिडकीतून हात घालून चाचपून बघितलं होतं. त्या हाताला भडंगाचं तेल होतं. शे इंजिन बर्फातून चढतं, चिखलातून चढतं, पण लसूण-मिरचीच्या तेलातून चढायची सोय त्या अमेरिकेतल्या माणसानं केलेली नव्हती. इंजिन हळूहळू मागं यायला लागलं.

"चला, उतरा, धक्का मारा!" मागून एक बाई म्हणाली आणि सगळ्या पुन्हा हसल्या. यावेळचं हसणं वेगळं होतं. दाजींना फटीत शिरून रुळापर्यंत पोचायला टेबलाखालून रांगावं लागलं असतं, तेवढ्यात गाडी पायथ्याला आली असती. ते नुसते उभे राहिले. एवढा गिअर कापणारा माणूस, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

अक्का उठली. "हसताय काय?" ती वळून म्हणाली. "चार वर्षं डोळे फोडलेत त्यांनी. माझ्या नवऱ्याला हसायचं असेल तर मी आहे, तुमची मदत नको." तिनं पदराचं टोक घेतलं, खिडकीतून हात घातला आणि रूळ पुसला. एकदा, दोनदा, दाबून. नव्या इरकलीच्या पदरानं. "इंगवले, लावा आता. हळू."

चाकांनी रूळ धरला. इंजिन कण्हत, थरथरत, बोटबोट चढलं. खोलीत फक्त खडखडाट आणि भडंग चावल्याचा आवाज. दालचिनीचे ओंडके वखारीत पोचले आणि मूठ बंद झाली.

आता मी पंच म्हणून कान टवकारले. कुणी म्हणतंय का?

कुणी म्हणेना. शेटेवहिनींचं तोंड भरलेलं होतं. दुसरी वाटीतले शेंगदाणे वेचत होती. तिसरी म्हणाली, "छान आहे हो. भिशीच्या चिठ्ठ्या काढायच्या ना?" खिडकीपलीकडं दाजींनी हळूच वायर गुंडाळायला घेतली.

अक्का खिडकीकडं बघत होती. मग तिची नजर इंगवल्यांच्या स्वयंपाकघरावरून फिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. पुन्हा खिडकीपाशी आली.

"परत एकदा लावा हो," अक्का म्हणाली.

दाजींच्या हातातली वायर गळून पडली.

"तुझं धरायचं का?" मी विचारलं.

"मी भिशीत आहे का नाही?"

"आहेस."

"मग? आपणहून म्हटलं का नाही?"

"म्हटलंस."

"मग पंच, तोंड काय बघतेस?"

मी निर्णय दिला. खोली दाजींची. इंगवल्यांनी मूठ फिरवली आणि इंजिन दुसऱ्यांदा चढायला लागलं. यावेळी शेटेवहिनींनाही खिडकीजवळ यायचं होतं, पण अक्का तिथून हलली नाही.

सोमवारी पोती हललीच. फक्त दाजींच्या खोलीत न जाता इंगवल्यांच्या स्वयंपाकघरात गेली. लांबलचक ओटा, कडाप्प्याचा, दोन नळ, वर धूर जायला झरोका, आणि कुणी वापरत नाही. इंगवले म्हणाले, जागा घ्या की वहिनी, मला काय, मी चहाच करतो. अक्का म्हणाली, मग दोन वेळचं जेवण आमच्याकडं. शेवग्याच्या शेंगांची आमटी तिनं पहिल्याच दिवशी केली.

पुष्कळ वर्षांनी एकदा त्याच ओट्याशी मी तिला विचारलं, "अक्का, खरं सांग. त्या दिवशी 'परत एकदा' म्हणालीस ते दाजींसाठी का ओट्यासाठी?"

"तू पाकिटं भर," ती म्हणाली.

तर जमाखर्च असा. दाजींना खोली मिळाली, आणि खिडकीतून कौतुक करणारा एक माणूस. इंगवल्यांना आमटी मिळाली, आणि रोज दुपारी घाट चढायला मिळतो. अक्काला ओटा मिळाला, झरोका मिळाला, आणि 'मी स्वतः खोली सोडली' हे वर्षातून चारदा म्हणायचा हक्क मिळाला. भिशीच्या बायकांना फुकट भडंग मिळालं. सगळ्यांचं येणं चुकतं झालं.

देणं माझ्या नावावर पडलं. भडंगाचं काम वाढल्यावर अक्काला रविवारी भरवशाचं माणूस लागायला लागलं, "जे कुणाचंच नाही" असं. तेव्हापासून माझा एकही रविवार माझा नाही. मी पाकिटं भरते, आणि डोक्याशी खिडकीतून, उजव्या बाजूनं, दिवसभर खडखड करत ती गाडी जाते, चढते, उतरते, आणि मला सांगायचं झालं तर ती काळी पेटीच बरी होती. तिला निदान बघावं लागत नव्हतं.